तंगूस आणि तेगुसु



त्सुकुबात गणपती बसवायचा म्हणजे मूर्तीपेक्षा फुलांची काळजी मोठी. शेवंती मिळते, पण पांढरी ‘किकु’ इथे अंत्यविधीला वाहतात. त्यामुळे शेजारच्या आजीबाई दर्शनाला आल्या की आधी फुलांचा खुलासा करावा लागतो, मग प्रसाद! म्हणून आम्ही वाटणी करून टाकली आहे. देवाला वाहायला मिळतील ती खरी फुले, आणि मखराला मण्यांची.

मणी आणायचे आसाकुसाबाशीहून. २००५ साली त्सुकुबा एक्स्प्रेस सुरू झाली आणि आकिहाबारा ४५ मिनिटांवर आले. तिथून सोबू लाइनने एकच स्टेशन. मण्यांची इतकी दुकाने की रुखवताच्या दिवसांतल्या आपल्या आया-मावश्या इथे हरवल्याच असत्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा नायलॉनचा दोरा हवा म्हणून खाणाखुणा करत होतो. विक्रेतीने रीळ पुढे केले आणि म्हणाली, “तेगुसु?” आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. आपला तंगूसच की हा! मासे धरायचाही तोच आणि मणी ओवायचाही तोच.

मण्यांच्या फुलांची गोष्ट जुनी आहे. व्हेनिसमध्ये काचेच्या लांब पोकळ नळ्या ओढून, त्यांचे बारीक तुकडे करून, पुन्हा तापवून गोल मणी करत. ते ओवणाऱ्या बायकांना ‘इंपिरारेसे’ म्हणत. लांब सुयांचा पंखा हातात धरून मण्यांनी भरलेल्या लाकडी पात्रात खुपसायचा, की एकदम कितीतरी माळा ओवल्या जात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये अशा मण्यांची फुले तारेवर करून त्यांची चक्रे थडग्यांवर ठेवत, कारण ती कोमेजत नाहीत. (किकुचा नियम तिथेही आलाच म्हणायचा. आम्ही हे शेजारच्या आजीबाईंना सांगितलेले नाही.)

पण सगळे तिकडूनच आले असे मात्र नव्हे हं! बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास एक गालिचा करवून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी. बसऱ्याचे मोती आणि रंगीत काचेचे मणी यांची नुसती वेलबुट्टी! महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. २००९ साली दोह्याच्या लिलावात त्याला सुमारे ५५ लाख डॉलर मिळाले. आमच्या आईला ही किंमत सांगितली तर ती म्हणाली, “आणि मजुरी किती दिली होती?”

फूल करायच्या रीती दोन. फ्रेंच रीतीत मणी आधीच तारेत ओवून ठेवतात. मधे थोड्या मण्यांचा कणा, मग मण्यांनी भरलेली तार त्याच्या एका बाजूने वर, टोकाला वेढा, दुसऱ्या बाजूने खाली, पुन्हा वेढा. टोकाचा वेढा तिरका घेतला की पाकळी टोकदार होते, आडवा घेतला की गोल. जास्वंदीला गोलच हवी. सुमारे २ मि.मी.चे मणी आणि ०.३ मि.मी.ची तार बरी पडते. मणी जपानी घ्यावेत. हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामाच्या मियुकी कंपनीचे (स्थापना १९४९) मणी एकसारखे असतात, आणि १९८२चे त्यांचे ‘डेलिका’ तर नळीसारखे, मोठ्या भोकाचे. एरवी दहा मणी ओवताना दोन तिरके निघतात, मग पाकळी रुसते.

दुसरी रीत आपली, तंगुसाची. दोन टोके दोन हातांत, “चार ओव, पाचव्यातून क्रॉस.” रुखवतातली महिरप, विडा, नारळ, तुळशीवृंदावन, सगळे ह्या एका मंत्रावर. जपानी पुस्तकांत अगदी हेच असते, फक्त डावा दोरा एका रंगात, उजवा दुसऱ्या रंगात, प्रत्येक मणी कागदावर. आपल्याकडे कागद नाही. आईने ते मावशीकडून घेतले, मावशीने कुणाकडून तरी. आमच्या मुलीने फोनवर विचारले, “आजी, कितव्या मण्यातून?” तर उत्तर आले, “हाताला कळतं गं ते.” आजीचा हात सांगलीत, मुलीचा त्सुकुबात! त्यातून आईचे डोळे आता अधू झाले आहेत. बारीक मणी ती बोटांनीच मोजते.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात वेगळा उद्योग केला. फोनचा कॅमेरा आईच्या हातांवर, आणि इकडे मुलगी चौकटीच्या वहीत दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन. एका महिरपीला सहा रविवार लागले. आई मधेच पुढे निघून जायची, मग मुलगी ओरडायची, “आजी, थांब ना!” थांबली की मात्र आईचा हात चुकायचा आणि तिला पहिल्यापासून धरावे लागायचे. आता नकाशा पूर्ण झाला आहे. जपानी मैत्रिणींनी तो वाचून, एक शब्द मराठी न येता, अर्धी महिरप विणलीही.

प्रत हवी असेल तर कळवा. आपल्या घरी विड्याचा किंवा नारळाचा नमुना असेल तर त्याचाही नकाशा काढू, पण विणणारे हात असेपर्यंत फोन लावा. आमचे लाल मणी संपत आलेत, जास्वंदीची अजून पाच फुले बाकी आहेत. पुढच्या शनिवारी आसाकुसाबाशीची फेरी आहे. कुणाला तेगुसु आणायचा असेल तर जाडी सांगून ठेवा.