वजन घटवणारं इंजेक्शन मेंदूत नेमकं काय करतं? नागपूरच्या प्रयोगातून समजून घ्या

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, म्हणजे त्यानंतर स्वस्त पर्यायांना वाट मोकळी. पण ही इंजेक्शनं घेतल्यावर भूक जाते कुठे? पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं उत्तर मेंदूत आहे.

पेप्टाइड म्हणजे काय?

अमिनो आम्लांची छोटी साखळी. मेंदूतल्या पेशी ग्लुटामेटसारख्या रसायनांतून एकमेकींना निरोप देतात. तो काही मिलिसेकंदांत पोचतो आणि संपतो. पेप्टाइडचं काम संथ असतं. ते दूरवर पसरतं, जास्त वेळ टिकतं आणि त्या निरोपांचा आवाज कमी-जास्त करतं.

नागपुरात काय दिसलं?

'कार्ट' नावाचं एक पेप्टाइड उंदरांच्या मेंदूत सोडलं की त्यांचं खाणं कमी होतं, हे १९९८ मध्येच समोर आलं होतं. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातले दादासाहेब कोकरे, शास्त्रज्ञ निशिकांत सुभेदार आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याच कार्टची दुसरी बाजू दाखवली. मेंदूतल्या थॅलॅमसच्या एका भागात ते दिल्यावर उंदीर सुखद उत्तेजना मिळवण्यासाठी जास्त धडपडू लागले. पेप्टाइड तेच, पण जागा बदलली की काम बदललं.

मग इंजेक्शनचं काय?

सेमाग्लुटाइड हे जीएलपी-१ या नैसर्गिक पेप्टाइडची नक्कल आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या गटातली औषधं हायपोथॅलॅमसमधल्या, कार्ट तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोचलेली दिसली.

तुमच्यासाठी याचा अर्थ

एक, सतत भूक लागणं म्हणजे 'मनावर ताबा नाही' असं नव्हे. दोन, इंजेक्शन थांबलं की तो निरोपही थांबतो. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात, घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. तीन, मेंदूवर असर करणारं औषध जिममधल्या ओळखीवर किंवा इन्स्टाग्रामवरच्या लिंकवरून घेऊ नका. डोस किती, कधी वाढवायचा आणि कुणी घ्यायचंच नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.