आम्ही ते पत्र देणार नाही

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांना, बहुतांशी शाळांतूनच, लस टोचण्यात येत होती. त्या दिवसांत अकोल्याकडील एक गृहस्थ आमच्याकडे आले. "फादर, ही लस गर्भपात झालेल्या अर्भकाच्या पेशींवर वाढवितात म्हणे. आपल्या धर्माला हे चालत नाही, एवढे शाळेसाठी लिहून द्या." आम्ही लिहून दिले नाही, आजही देणार नाही.

त्यांची शंका निराधार नव्हती. रुबेलाची लस ज्या पेशींवर वाढवितात, त्यांचे मूळ १९६० च्या दशकातील गर्भपातात आहे. त्यासाठी पुन्हा गर्भपात करावे लागत नाहीत. तरीही ते मूळ ख्रिस्तसभेला सलते, आणि सलावेच. म्हणूनच २००५ साली रोमच्या जीवनविषयक अकादमीने पर्यायी लशींची मागणी करीत राहण्यास सांगितले. पर्याय नसेल तेथे मात्र लस घेण्याची मुभा दिली. २०१७ मध्ये तिनेच ती निःशंक मनाने घेता येईल असे स्पष्ट केले. मग ख्रिस्तसभेने जे म्हटलेच नाही, ते तिच्या शिक्क्यानिशी आम्ही कसे लिहावे?

शिवाय रुबेला म्हणजे काय? मुलाला बहुधा चार दिवस ताप आणि पुरळ. पण त्याच्यापासून तो गर्भवतीला पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर बाळ पोटातच दगावते, किंवा अंधत्व, बहिरेपण, हृदयविकार घेऊन जन्मास येते. गर्भस्थ जिवाच्या कळवळ्याने लस नाकारावी आणि घाव गर्भस्थ जिवावरच पडावा, ही कसली श्रद्धा?

आम्ही सक्तीचे भाट नाही. कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, समाजाच्या आरोग्यासाठी वाजवी निर्बंध मात्र घालता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोविड लशीच्या खटल्यात सांगितले. शासनालाही विश्वास कमवावा लागतो. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या अमरावती धर्मप्रांतातच, यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजण्यात आले. अशा हलगर्जीपणाचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु त्यासाठी धर्माची ढाल कशाला?

ज्याला नकार द्यावयाचा असेल, त्याने तो स्वतःच्या नावाने द्यावा आणि त्याचा भारही स्वतः वाहावा. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेतून सूट देण्याचा अधिकार कोणत्याही धर्मगुरूला नाही.