सिस्टरवर हल्ला झाला, तर फिर्याद रुग्णालयाने द्यावी

रुग्ण दगावला, औषध मिळाले नाही, डॉक्टर वेळेवर आले नाहीत, कारण काहीही असो. नातेवाइकांचा राग आधी निघतो तो वॉर्डात समोर उभ्या असलेल्या सिस्टरवर. बारामती-इंदापुरातही ही भीती आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या अपघातातील जखमींमागे जमाव येतो. गावच्या उपकेंद्रात एएनएम एकटीच असते. आपल्या समाजातील अनेक लेकी या सेवेत आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

कायदा आहे. महाराष्ट्राचा 2010 चा कायदा डॉक्टरांबरोबरच नोंदणीकृत परिचारिका आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही संरक्षण देतो. हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून 3 वर्षांपर्यंत कैद व 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अडते ते फिर्यादीपाशी. मार खाल्लेल्या परिचारिकेनेच ड्युटी संपवून पोलीस ठाणे गाठायचे आणि त्याच गावात पुन्हा नोकरी करायची, हे कितीजणींना जमेल?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात 27 नोव्हेंबर 1973 रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केला. त्याला शिक्षा झाली ती हल्ला आणि जबरी चोरीची; लैंगिक अत्याचाराचा गुन्हा त्यात नव्हताच. अरुणाताईंना 2015 पर्यंत सांभाळले ते त्यांच्या सहकारी परिचारिकांनी. फिर्यादीत काय लिहिले जाते, यावर न्याय ठरतो.

कोलकात्याच्या आर. जी. कर प्रकरणानंतर ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने आपल्या रुग्णालयांना आदेश दिला: हल्ला झाल्यास 6 तासांच्या आत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा. हाच नियम बारामती-इंदापूरच्या प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयात लागू व्हावा, अशी आमची मागणी आहे. रात्रपाळीत परिचारिका एकटी नको. 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती नेमून तिची नावे भिंतीवर लावावीत. जातीवरून शिवीगाळ झाली असेल, तर अॅट्रॉसिटीची कलमेही पहिल्याच दिवशी लागावीत.

तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हातांनी केली. त्या प्रसंगी त्यांनी शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले, तसेच रुग्णाचेही सांगितले: औषध घ्यावे, आजार लपवू नये, वेदना सोसाव्यात. सेवेला दोन बाजू आहेत. रिक्त पदे आणि औषधटंचाई यांचा जाब जरूर विचारू या, पण तो प्रशासनाला. आणि एखाद्या सिस्टरवर हात उगारला गेलाच, तर विहार समितीची चार माणसे तिच्यासोबत पोलीस ठाण्यात उभी असली पाहिजेत.

जय भीम! नमो बुद्धाय!