रक्ताचा पुरावा

'रक्ताचं नातं' हा शब्दप्रयोग हल्ली माझ्या डोक्यात जातो. घर रक्तावर चालतं असं आपण इतक्या सहज बोलून जातो की ते खरंच तसं चालतं का, हे कधी तपासून बघतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. रक्ताचा हिशेब मांडायला घेतला की घर तुटायला लागतं, मग हिशेब मांडणारा सरकारी कारकून असो, धर्माचा ठेकेदार असो, नाहीतर आपलाच काका. उदाहरण देतोय ते ज्यू कुटुंबाचं आहे. लांबचं वाटेल, पण त्याचं मूळ आपल्या अलिबागजवळ आहे.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली. पुढे पिढ्यान् पिढ्या त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाववाले त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, दिवेकर, केहीमकर. घरातली भाषा मराठी. नवस फेडायचा असेल तर एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा, म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि पुढच्या काही दशकांत यातली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली.

यांच्या इतिहासातल्या दोन परीक्षा शेजारी शेजारी ठेवून बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

पहिली परीक्षा डेव्हिड रहाबीची. हा बाहेरून आलेला ज्यू. तो नेमका कधी आला यावर वाद आहेत, पण गोष्ट प्रत्येक बेने इस्रायल घरात सांगितली जाते. शनिवार पाळणारे हे तेली ज्यूच असावेत असा त्याला संशय आला. त्याने काय केलं? बाजारातून मिसळीची मासळी आणली आणि बायकांना रांधायला दिली. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले, 'हे आम्ही खात नाही' म्हणून. ज्यू धर्माचा नियम हाच! रहाबीची खात्री पटली. त्याने वंशावळ मागितली नाही. चूल बघितली.

दुसरी परीक्षा १९६२ ची, इस्रायलमधली. तिथे ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या, म्हणजे रब्बिनेटच्या हातात. रब्बिनेटला शंका आली की भारतातल्या या लोकांनी घटस्फोट आणि पुनर्विवाहाचे शास्त्रातले नियम पाळले असतील का, बाहेरच्यांशी संबंध आले असतील का. मग हुकूम निघाला: बेने इस्रायल व्यक्तीला दुसऱ्या ज्यू समाजात लग्न करायचं असेल तर तिच्या आईची आई, तिची आई, असं जमेल तितकं मागे जाऊन तपासा. कोकणातल्या खेड्यात पणजीच्या लग्नाचा दाखला कुठून आणणार? लोक चिडले. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. रब्बिनेटने हुकुमातून त्यांचं नाव काढलं.

इथपर्यंत वाचून 'बघा, आपल्या मराठी माणसावर कसा अन्याय झाला' असं म्हणून मोकळं होता येतं. मी होऊ देणार नाही. कारण हाच हिशेब बेने इस्रायल स्वतःच्या घरात आधीपासून मांडत होते! त्यांच्यात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन गट होते. ज्यांच्या पूर्वजांत कुणी बिगर-ज्यू बाई आली असं मानलं जाई, ते काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही, एका पंगतीत जेवण नाही. विसाव्या शतकात हे हळूहळू पुसट झालं, पण बोटीत बसताना लोकांनी सामानाबरोबर तेही नेलंच.

आमची निम्मी टीम इस्रायलमध्ये बसते. त्यातल्या एकाचं आडनाव 'कर'ने संपतं. मराठीचे त्याला आठ-दहा शब्द येतात. 'आजी', 'भाकरी', 'गप बस' वगैरे. त्याच्या घरची गोष्ट त्याच्या परवानगीने, नावं गाळून सांगतो. त्याच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीचं लग्न १९६३ मध्ये मोरोक्कोहून आलेल्या घरात ठरलं. नोंदणीला गेल्यावर प्रश्न आला: आईची आई कोण? कागद नव्हता, म्हणून समाजातल्या जाणत्याची साक्ष हवी होती. जाणते म्हणजे मुलीचे सख्खे थोरले काका. ते म्हणाले, "तिच्या आजोळाबद्दल गावात बोललं जायचं. मी खोटी साक्ष देणार नाही."

लग्न अडकलं ते १९६४ चा निर्णय येईपर्यंत. नंतर झालं, पण काकांना आमंत्रण गेलं नाही. दोन्ही घरं दिमोना या एकाच गावात. कुणी कुणाच्या मलिद्याला गेलं नाही. पोरं एका शाळेत, आणि 'त्यांच्याशी बोलायचं नाही' एवढंच दोन्हीकडच्या पोरांना माहीत. माझ्या मित्राला कारण कळलं ते वयाच्या पस्तिशीत, कारण भांडण झालं होतं मराठीत आणि हा वाढला हिब्रूत. 'गोरे' आणि 'काळे' म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगणारी आजी तेव्हा नव्वदीला टेकली होती.

काका खोटं बोलले नाहीत, हे मान्य. पण खरं सांगण्यासारखं दुसरंही बरंच होतं की! ती मुलगी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावते, तिची आजी शनिवारी चूल पेटवत नसे, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. साक्ष मात्र त्यांना आठवली ती ऐकीव गोष्टीची.

आता नेहमीचा युक्तिवाद येणार. "अहो, आपसात लग्नं केली म्हणूनच तर एवढासा समाज शेकडो वर्षं टिकला." यात तथ्य आहे. मूठभर माणसं कोकणात विरघळून गेली नाहीत, त्यात या नियमाचा वाटा नक्की आहे. पण टिकलं काय? रहाबीने ओळखलं ते शनिवारावरून आणि मासळीवरून. नुसतं रक्त टिकलं असतं आणि चूल बदलली असती, तर तो त्यांच्या दारावरून सरळ निघून गेला असता. आणि काळे इस्रायलही शनिवार पाळत होतेच. तरी त्यांना पंगतीबाहेर बसवलं. म्हणजे तो नियम धर्म राखायला नव्हता, पायरी राखायला होता.

आणि हे '६४ सालीच संपलं असंही समजू नका. इस्रायलमध्ये आजही सिव्हिल मॅरेजची सोय नाही. ज्यांचं रब्बिनेटच्या नियमात बसत नाही, अशी जोडपी सायप्रसला वगैरे जाऊन लग्न करून येतात. आपल्याकडे सोय आहे, स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ पासून आहे. तरी आपण काय करतो? लग्नाच्या साइटवर पहिला फिल्टर जातीचा लावतो, मग पोटजातीचा. आयटीतली पोरं, रोज चार देशांतल्या लोकांशी कॉलवर बोलणारी, आणि प्रोफाइल आईबाबांना 'सांभाळू दे' म्हणतात! आमच्याच घरात माझ्या मावसबहिणीच्या लग्नावरून आठ वर्षं दोन घरांचं येणंजाणं बंद आहे. मुलगा कसा आहे हे कुणी विचारलंच नाही. कुणातला आहे, एवढंच विचारलं.

मोठ्यांचा मान ठेवू नका असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखं खूप आहे: भाषा, स्वयंपाक, सणवार, गावच्या गोष्टी. ते त्यांच्याकडे जाऊन बसून, वेळ काढून घ्या, कारण ते त्यांच्याबरोबर जातं. माझ्या मित्राच्या घरात नेमकं तेच गेलं. मराठी तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली नाही, अबोला मात्र पोचला. घरच्यांनी 'तो कुणातला?' असं विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी हे आठवा. उत्तर देणं बंधनकारक नाही. 'घरी जेवायला बोलवा आणि बघा' एवढं म्हटलं तरी पुरे.