साध्या वेषातले पाहुणे

पाऊस सरला, की नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी उतरू लागतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या दगडी बंधाऱ्याचे हे पाणी. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे त्याचे लाडके नाव. ऑक्टोबरात प्रथमच आलेला पक्षीप्रेमी मात्र हिरमुसतो. पुस्तकातल्या चित्रात नटलेली बदके इथे सगळी सारखीच मातकट! नर कुठला, मादी कुठली, कळता कळत नाही.

दोष पाहणाऱ्याचा नाही. उत्तरेकडे विणीचा हंगाम आटोपला, की नर आपली भडक पिसे टाकून देतात. पंखांतली उड्डाणाची पिसे तर एकदमच गळतात आणि काही आठवडे उडताच येत नाही. अशा वेळी साधा वेषच जीव वाचवतो. नवे पंख फुटले, की त्याच वेषात ती हजारो किलोमीटर पार करून येतात. रंग चढतो तो पुढे, हिवाळ्यात.

म्हणून ऑक्टोबरात रंग सोडून ठेवण पाहावी. चोच फावड्यासारखी असेल तर तो थापट्या. लांब, सडपातळ मान तलवार बदकाची. भुवई बदकाचा नर पाण्यावर बसलेला असताना ओळखू येत नाही. पण भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला, की थवा भर्रकन उठतो आणि नराच्या पंखांवरचा निळसर राखी रंग उन्हात चमकून जातो. तेवढ्यासाठी सकाळभर काठावर गप्प बसायची तयारी हवी.

डोके पाण्यात, शेपूट वर, अशी ही बदके चरतात. मान पोचेल तेवढ्याच पाण्यातले बी आणि किडे त्यांना मिळतात. असे उथळ पाणी इथे झाले ते गाळामुळे. बंधाऱ्यात वर्षानुवर्षे गाळ साचला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. बंधाऱ्याचा तोटा पक्ष्यांच्या पथ्यावर पडला! १९८६ साली इथे अभयारण्य झाले आणि २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून या जागेचे नाव जाहीर झाले.

तोच गाळ शेतकऱ्याला मात्र नडतो. साठा घटतो, पुराचे पाणी काठच्या शिवारात पसरते. गाळ काढा, ही त्याची मागणी चुकीची कशी म्हणावी? पण सगळा गाळ उपसला तर बदकांचे ताट खोल जाईल, आणि मुळीच काढला नाही तर पाण्याच्या जागी गवताचे रान होईल. किती काढायचा, कुठला काढायचा आणि कोणत्या महिन्यात, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधताना साधी वहीसुद्धा उपयोगी पडते. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच काठावर बसून तारीख, पाण्याची पातळी आणि दिसलेले पक्षी लिहून ठेवावेत. एका वर्षाची नोंद ही नुसती आठवण असते. दहा वर्षांच्या नोंदी पुराव्याला येतात.