मोहरीची उशी आज रात्रीच काढा

थंडी पडली की घरोघरी तान्ह्या बाळाचा बंदोबस्त सुरू होतो. अंगात स्वेटर, डोक्याला कुंची, वर दुपटं, त्यावर गोधडी. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटे लोड. सगळं मायेनंच केलेलं. पण धडधाकट बाळ रात्री झोपतं आणि सकाळी उठत नाही, असे मृत्यू होतात, आणि त्यातले बरेच टाळता येतात. पहिले सहा महिने जपायचे. त्यातही दुसरा ते चौथा महिना.

एक गोष्ट आधी ऐका. बाळाला प्रत्येक झोपेला, दुपारच्या डुलकीलासुद्धा, उताणंच झोपवा. पालथं नको, कुशीवरही नको. 'दूध उलटलं तर घशात अडकेल' ही आजीची भीती खोटी नाही, पण हिशेब उलटा आहे. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. उलटलेल्या दुधाला तिच्यात चढणं अवघड जातं. पालथ्या बाळात ती खाली येते. एकट्या आज्यांना तरी का बोल लावा? एके काळी परदेशातले नामांकित डॉक्टरच पालथं झोपवायला सांगत. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९९१ मध्ये 'उताणं झोपवा' ही मोहीम निघाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. ना औषध, ना यंत्र.

अंथरुणात बाळाशिवाय काही नको. गादी टणक, चादर ताणलेली. झोपताना टोपडं काढा. मानेमागे हात लावा, घाम असेल तर एक कपडा कमी करा. (कमी वजनाच्या बाळाच्या उबेबाबत मात्र डॉक्टर सांगतील तसंच.) बाळ आईच्या खोलीतच हवं, पण हाताच्या अंतरावर, वेगळ्या गादीवर, आईबापांच्या मध्ये एकाच रगाखाली नको. सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागणं फार धोक्याचं. झोप अनावर झाली तर बाळ दुसऱ्याच्या हाती द्या. विडी-सिगारेट गरोदरपणापासूनच घराबाहेर. अंगावरचं दूध आणि वेळेवर लसी, यांनीही धोका कमी होतो.

ज्या घरात असं बाळ गेलंय, तिथे सुनेला बोल लावू नका. सगळं पाळूनही कधी बाळ जातं. बाकीच्यांनी आज दिवा मालवण्याआधी बाळाच्या अंथरुणावर एकदा हात फिरवावा. उशी लागली तर उचलावी.