बंद ताटीआडची मुले

गोदाकाठच्या पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगल्याचे ज्यांच्याविषयी सांगतात, त्या योग्याने कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईला गुरू मानले, ही कथा आपण कौतुकाने ऐकतो. ती व तिची भावंडे आईबापांना मुकलेली, 'संन्याशाची पोरे' म्हणून वाळीत पडलेली होती, हे सांगताना मात्र आपला स्वर खाली येतो. लोकांच्या बोलांनी दुखावलेल्या ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि मुक्ताबाईने ती उघडण्यासाठी त्यांना विनवले, असे परंपरा सांगते. दुखावलेले मूल असेच आतून दार लावून घेते. प्रश्न एवढाच की, बाहेर विनवणारे कोणी असते काय?

याच पुणतांब्यातून २०१७ साली शेतकऱ्यांच्या संपाची हाक उठली. मोठ्यांना संप पुकारता येतो. मुलांना आपले गाऱ्हाणे मांडावयास ग्रामसभा नाही. जिल्ह्याच्या या उसाच्या पट्ट्यात दर हंगामात तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात आणि शाळेच्या वयाची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन मागे राहते. ह्याला आईबापांचे क्रौर्य म्हणणे अन्यायाचे होईल. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना फेडावयाची असते. परंतु उपेक्षेचे कारण समजण्याजोगे असले, म्हणून मुलाच्या वाट्याला येणारी उपेक्षा कमी होत नाही.

सुस्थित घरांनीही निश्चिंत राहण्याचे कारण नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या तेरा राज्यांच्या पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे आढळले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. 'आम्हीही मार खाऊनच शिकलो' असे अभिमानाने म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

हे घाव वयाबरोबर बुजतात, हा समजही खोटा आहे. अमेरिकेतील फेलिटी व आंडा या डॉक्टरांनी १९९८ साली हजारो प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. ज्यांनी बालपणी चार वा अधिक प्रकारचे आघात सोसले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य व आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका इतरांहून चार ते बारा पट आढळला. हृदयविकारही अधिक होता. अर्थात हे विधिलिखित नव्हे. जिव्हाळ्याने पाठीशी उभे राहणारे एक जरी वडीलधारे माणूस लाभले, तरी मूल सावरू शकते.

असे माणूस पुष्कळदा शाळेतच भेटते. शिक्षणहक्क कायद्याने २००९ सालीच छडी बेकायदा ठरविली. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळविणे बंधनकारक केले; घराण्याच्या अब्रूची सबब तेथे चालत नाही. १०९८ हा मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावयास हवा. तथापि कायदा ताटीपर्यंत पोहोचतो, ती उघडण्यासाठी माणूसच लागते. हजेरीपटावरचे नाव कमी करण्यापूर्वी शिक्षकाने एकदा त्या कोपीपर्यंत जावे. एकाएकी अबोल झालेल्या, अंगावरचे वळ झाकणाऱ्या मुलाला जवळ बसवून विचारावे, आणि ते सांगेल त्यावर विश्वास ठेवावा. चांगदेवांसारख्या वयोवृद्धाला लहान मुलीपुढे बसून ऐकण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?